सूर संपतो कसा, ते आधी ऐका : रेकॉर्डिंगसाठी सॉफ्टवेअरमधले हार्पसिकॉर्ड

डोमेनिको स्कार्लात्ती आणि फ्रांस्वा कूपरँ हे युरोपातले जुने रचनाकार. हार्पसिकॉर्ड या पियानोआधीच्या पट्ट्यांच्या तंतुवाद्यासाठी लिहिलेल्या स्कार्लात्तीच्या तीन आणि कूपरँच्या दोन रचना घरच्या घरी, एकट्याने, नीट रेकॉर्ड कराव्यात असे गेली काही वर्षे मनात होते. मी पियानो शिकलेला माणूस. खरे हार्पसिकॉर्ड माझ्या ओळखीत कुणाकडे नाही, आणि असते तरी हवेतल्या ओलाव्याबरोबर ज्याची जुळणी हलते असे वाद्य पुण्याच्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सांभाळण्याची हिंमत माझ्यात नव्हती. म्हणून सॉफ्टवेअर. या शोधात पहिल्या खरेदीत पैसे वाया गेले आणि दुसऱ्या खेपेला मनासारखे वाद्य मिळाले. हे परीक्षण त्या दोन खरेदींच्या अनुभवावर बेतलेले आहे.

हार्पसिकॉर्डमध्ये तार वाजते कशी हे माहीत नसेल, तर कोणते सॉफ्टवेअर खरे वाटते आणि कोणते नाही हे सांगता येत नाही. पट्टी दाबली की तिच्या मागच्या टोकावर उभी असलेली पातळ लाकडी फळी, जिला जॅक म्हणतात, वर उचलली जाते आणि तिच्यातून आडवी डोकावणारी नखी तारेला छेडते. सतार वाजवणारे बोटात घालतात त्या नखीचेच हे काम, फक्त इथे ती पूर्वी कावळ्याच्या पिसापासून करत आणि आता बहुधा प्लॅस्टिकपासून करतात. पट्टी सोडली की जॅक खाली येतो, येताना नखी एका नाजूक जिभेवर मागे सरकून तारेला पुसटशी चाटून जाते, आणि त्यानंतर जॅकच्या माथ्याशी लावलेला कापडाचा तुकडा तार बंद करतो. म्हणजे प्रत्येक सुराला दोन आवाज असतात : एक छेडण्याचा, एक सोडण्याचा. बोटाचा जोर वाढवून आवाज मोठा करण्याची सोय या वाद्यात जवळजवळ नाही. त्यामुळे वाजवणाऱ्याच्या हातात उरते ते सूर केव्हा सुरू करायचा आणि केव्हा संपवायचा एवढेच. खुद्द कूपरँनेही हे वाद्य आपला सूर फुगवू वा ओसरवू शकत नाही, अशी खंत नोंदवून ठेवली आहे.

पियानोच्या सवयीने मी पहिल्या खरेदीच्या वेळी नेमके उलटे केले. छेडण्याचा आवाज किती झगझगीत आहे एवढेच ऐकले, आणि एका विक्रेत्याकडून खऱ्या वाद्याचा एकेक सूर ध्वनिमुद्रित करून बनवलेला, कित्येक गिगाबाइटचा संच विकत घेतला. पहिल्या संध्याकाळी आवाज थक्क करणारा वाटला. तिसऱ्या दिवशी जी मेजरमधली एक सोनाटा वाजवताना मधल्या सप्तकातल्या एफ शार्पच्या मागे काहीतरी करकरते आहे असे जाणवले. हेडफोन लावून तो एकच सूर दहा वेळा वाजवला : कुणीतरी खुर्चीवर कूस बदलल्याचा तो आवाज होता, दहाही वेळा त्याच क्षणी, त्याच उंचीचा. मैफलीत खुर्ची एकदा करकरली तर आपण माफ करतो, पण सॅम्पलमध्ये, म्हणजे ध्वनिमुद्रित केलेल्या सुरात, अडकलेली खुर्ची तो सूर येईल तितक्या वेळा करकरते, आणि जी मेजरमध्ये एफ शार्प यायचे टळत नाही. विक्रेत्याला दोन पत्रे लिहिली, उत्तर आले नाही.

दुसरी उणीव अशा अनेक संचांत आढळते आणि ती तपासायला स्कार्लात्तीची डी मायनरमधली के. 141 (हा त्याच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक) ही सोनाटा पुरते. तिच्या आरंभापासून एकच सूर बोटे बदलत भराभर पुन्हा पुन्हा वाजवायचा असतो. संच बनवणाऱ्याने प्रत्येक सुराची एकच नोंद घेतली असेल, तर तीच ध्वनिफीत सहा सहा वेळा एकापाठोपाठ ऐकू येते आणि शिवणयंत्र चालल्याचा भास होतो. प्रत्येक सुराच्या तीन-चार निरनिराळ्या नोंदी घेऊन त्या आळीपाळीने वाजवणारे संच मिळतात. घेण्याआधी हा प्रश्न विचारावा आणि उत्तर गुळमुळीत आले तर तो संच सोडून द्यावा.

पण माझ्या मते खरी परीक्षा सूर सोडण्याची आहे. मधला एखादा सूर क्षणभर दाबून सोडावा, मग तोच सूर पाच-सहा सेकंद धरून सोडावा. पहिल्या वेळी तार अजून जोरात हलत असते, त्यामुळे नखीच्या परतीच्या स्पर्शात तारेचा अंश जास्त ऐकू यायला हवा; दुसऱ्या वेळी तार जवळजवळ निवलेली असते, तेव्हा उरतो तो जॅक खाली बसल्याचा लाकडी टकटकाट. जे सॉफ्टवेअर दोन्ही वेळा सारखाच आवाज चिकटवते, ते दोन हातांत दोन स्वतंत्र सुरावटी चालणाऱ्या रचनेत लगेच उघडे पडते, कारण एका हातातला सूर तुटतो तेव्हाच दुसऱ्या हातातला सुरू होत असतो आणि कानाचे लक्ष त्या सांध्यावरच असते. काही संचांत तर सोडण्याचा आवाज मुळी ध्वनिमुद्रितच केलेला नसतो, सूर कात्रीने कापल्यासारखा संपतो. अशा संचावर पुढे कितीही घुमारा चढवला तरी तो खेळण्यातलाच वाटतो.

या कसोटीवर माझ्या कानाला सर्वांत पटले ते मोदार्त या फ्रेंच कंपनीचे पियानोटेक. यात ध्वनिमुद्रित सूर नाहीतच. तार, नखी, ध्वनिफळी यांच्या वर्तनाचे गणित संगणक त्या त्या क्षणी सोडवतो आणि त्यातून आवाज तयार करतो. त्यामुळे सगळा कार्यक्रम काही डझन मेगाबाइटमध्ये मावतो, एकच सूर दोनदा तंतोतंत सारखा येण्याचा प्रश्न उरत नाही आणि धरलेल्या सुराची लांबी सोडण्याच्या आवाजात आपोआप उतरते. पट्टी सोडल्यावरचा खटका कमीजास्त करण्याची सोयही आहे. हार्पसिकॉर्डच्या बाजूने त्यात इतरांबरोबर दोन ऐतिहासिक वाद्यांवर बेतलेले नमुने आहेत : कार्लो ग्रिमाल्दीने 1697 मध्ये बनवलेले इटालियन वाद्य आणि ब्लांशे यांचे 1733 चे फ्रेंच वाद्य.

या दोघांत मी रमलो ते वेगवेगळ्या कारणांनी. ग्रिमाल्दीचा सूर चटकन उमटतो आणि चटकन विरतो, त्यामुळे स्कार्लात्तीच्या जलद तानांत प्रत्येक दाणा सुटा ऐकू येतो. ब्लांशेचा सूर रेंगाळतो, खालच्या सप्तकात तर तो भरदार दाटतो. कूपरँची 1717 ची ‘ले बारिकाद मिस्तेरियझ’ ही रचना जवळजवळ पूर्णपणे खालच्या आणि मधल्या भागात फिरते आणि तिच्यात आधीचा सूर संपण्याआधी पुढचा सुरू करून सुरांची एक वीण तयार करायची असते. या विणीत उरलेल्या तारांचा झंकार मिसळला नाही तर ती रचना कोरडी पडते. ग्रिमाल्दीवर ती वाजवून पाहिली तेव्हा धागे दिसत राहिले, कापड झाले नाही, ब्लांशेवर झाले. वाद्य आधी निवडून मग त्यावर काहीही वाजवणे हा प्रकार इथे चालत नाही.

गणिताने बनवलेल्या आवाजाची एक मर्यादा मात्र मान्य केली पाहिजे. खऱ्या वाद्यात प्रत्येक नखी हाताने कापलेली असते, त्यामुळे शेजारशेजारचे दोन सूर स्वभावाने थोडे भिन्न निघतात. चांगल्या सॅम्पल संचात हा विस्कळीतपणा आयता येतो, गणिती वाद्यात तो मुद्दाम घालावा लागतो. ज्याला हा खडबडीतपणा सर्वांत प्रिय असेल त्याने सॅम्पलकडेच जावे, फक्त एकेक सूर हेडफोन लावून तपासावा.

आता जुळणी. भारतीय कानासाठी हा भाग सर्वांत गोडीचा आहे आणि सॉफ्टवेअरचा खरा फायदाही इथेच कळतो. आजच्या पियानोवर सीपासून ई, म्हणजे आपल्या भाषेत षड्ज ते गंधार, हे अंतर 400 सेंट असते (सेंट म्हणजे पियानोवरच्या अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). तंबोऱ्याचा खर्ज नीट लागला की त्यातून आपोआप जो गंधार ऐकू येतो तो साधारण 386 सेंटचा. सोळाव्या-सतराव्या शतकात प्रचलित असलेल्या ‘पाव-कोमा मीनटोन’ नावाच्या जुळणीत आठ गंधार अगदी या तंबोऱ्याच्या गंधारासारखे शुद्ध मिळतात. त्याची किंमत म्हणून पंचम किंचित उतरवावे लागतात आणि जी शार्प ते ई फ्लॅट हा एक पंचम इतका बिघडतो की त्याला ‘लांडगा’ म्हणतात. ग्रिमाल्दीवर ही जुळणी लावून सी मेजरचा नुसता मेळ धरून ठेवला, आणि हार्मोनियमच्या गंधाराविषयी घरातले बुजुर्ग गवई इतकी वर्षे कुरकुर का करत होते ते माझ्या कानाला पहिल्यांदा पटले. स्कार्लात्ती दूरदूरच्या स्वरांत भटकतो, त्याच्यासाठी ही जुळणी उपयोगाची नाही. तिथे मी वालोत्ती नावाची जुळणी वापरली, जिच्यात एफपासून बीपर्यंतचे सहा पंचम थोडे उतरवून बाकीचे शुद्ध ठेवतात. ज्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त समान अंतरांचीच जुळणी मिळते ते एकल रेकॉर्डिंगसाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. साथीला दुसरे वाद्य नसल्यामुळे ए हा सूर आजच्या प्रथेप्रमाणे 440 हर्ट्झला (सेकंदाला 440 कंपनांना) जुळवण्याचेही कारण नसते : 415 वर सगळे अर्धा सूर उतरते, आणि फ्रेंच रचनांना 392 वरचा सावळा आवाज शोभतो.

पैसे खर्चण्याआधी हात बसवायचा असेल तर सोनी म्युझिके यांचे ‘ब्लांशे 1720’ आणि ‘पेती इतालियँ’ हे मोफत सॅम्पल संच उतरवून घ्यावेत. साध्या कीबोर्डातल्या आवाजांच्या यादीत सातव्या क्रमांकावर असणाऱ्या हार्पसिकॉर्डपेक्षा ते कितीतरी पुढे आहेत.

रेकॉर्डिंगच्या बाबतीत दोनच गोष्टी सांगतो. पियानोसारख्या जड पट्ट्यांवर हात दमतो आणि सूर सोडण्याची वेळ चुकते. माझ्याकडचा जुना, हलक्या पट्ट्यांचा कीबोर्ड या कामाला अधिक चांगला निघाला. आणि आवाज हळू ठेवून ऐकावे. हे वाद्य मुळात दिवाणखान्याचे आहे, मोठ्या आवाजात ते पत्र्यासारखे वाजते आणि मग आपण त्याच्या वरच्या कंपनांवर नाहक कात्री चालवतो. तयार फाइल कमी दर्जाच्या एमपी3 मध्ये मात्र बांधू नये; छेडलेल्या तारेची धार अशा संकोचनात आधी बोथट होते, आणि संकोचनाच्या पद्धती तपासणारे अभियंतेही हार्पसिकॉर्डचा तुकडा मुद्दाम वापरत आले आहेत.

पियानोटेकची चाचणी आवृत्ती मोफत मिळते. तिच्यात काही पट्ट्या मुक्या असतात आणि वीस मिनिटांनी सत्र संपते, म्हणून आधी कोणते सूर वाजत नाहीत ते पाहून घ्यावे आणि त्या सुरांवाचून चालणारी रचना निवडावी. मी ‘ले बारिकाद’ घेऊन बसलो होतो. मुके सूर मनातल्या मनात भरून काढत पहिली वीस मिनिटे गेली, आणि दुसऱ्या सत्राच्या मध्यावरच मी पैसे भरले.