दीड गोळी आणि एक रबरी टोक: सात महिने पिल पॉपर वापरल्यावर

काल सकाळी सात वाजता पिल पॉपरचं, म्हणजे कुत्र्याला गोळी द्यायच्या नळीचं, रबरी टोक आमच्या कुत्र्याच्या, बंड्याच्या तोंडात निसटलं. त्याने तोंड मिटलं, सोफ्याखाली गेला आणि आम्ही तिघं जमिनीवर आडवे होऊन बॅटरी मारत बसलो. टोक गिळलं असतं तर आतड्यात अडकलं असतं, या विचाराने माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. वीस मिनिटांनी ते सोफ्याच्या पायाशी सापडलं, चावून चपटं झालेलं. त्या रागात हा रिव्ह्यू लिहायला घेतलाय, एरवी आळसच केला असता.

वस्तू बहुतेकांना माहीत आहे. नळी, मागे दट्ट्या, पुढे चिरा असलेलं मऊ टोक. टोकात गोळी धरायची, कुत्र्याच्या जिभेच्या मागे नेऊन दट्ट्या दाबायचा. नळीबद्दल माझी तक्रार नाही, दट्ट्याबद्दल नाही. तक्रार आहे ती सुपारीएवढ्या त्या रबराबद्दल, आणि ती मी पुरेपूर करणार आहे.

बंड्याला आकडी येते. फेनोबार्बिटोन हे आकडीचं औषध चालू आहे, 12 तासांच्या अंतराने, बहुधा जन्मभर. वजन 18 किलो, डोस 45 मिलिग्रॅम, म्हणजे 30 ची दीड गोळी. हे 'दीड' लक्षात ठेवा, पुढची निम्मी कटकट त्या अर्ध्या तुकड्याचीच आहे. 'आज नाही घेतली तर राहू दे' हा पर्याय या औषधात नाही. ते अचानक तुटलं तर आकड्या उलट वाढू शकतात.

या औषधाने कुत्र्याची भूक वाढते. बंड्याची इतकी वाढली की रिकामं भांडं घरभर ढकलत फिरायचा. तरी चीजमध्ये गोळी घालून दिली, की चीज पोटात आणि गोळी धुतल्यासारखी स्वच्छ चटईवर. भूक वाढवणारी तेवढी एक वस्तू सोडून जगातलं सगळं खायचा. पीनट बटरमध्येही तोच प्रकार. (पीनट बटर देणार असाल तर आधी डबीवरचे घटक वाचा. झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर कुत्र्यासाठी ते विष आहे. रक्तातली साखर एकदम खाली जाते, यकृतही निकामी होऊ शकतं.) मग हाताने द्यायला लागलो. वरच्या सुळ्यांमागे बोटं, मान किंचित वर, गोळी जिभेच्या फुगवट्यापलीकडे. नवऱ्याच्या अंगठ्याला दोनदा दात लागले तेव्हा पॉपर मागवला.

पहिला महिना मी याला दोनच तारे दिले असते. अख्खी गोळी टोकात छान बसते, पण अर्धी बसत नाही. तुटलेली बाजू वाकडी, त्यात भुगा. नळी आडवी केली की तुकडा खाली. आणि तुटलेल्या बाजूचा कडूपणा जिभेला लागला, की बंड्याच्या तोंडाला फेस यायचा, आकडी आल्यासारखाच. पहिल्यांदा मी घाबरून डॉक्टरांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "अहो, कडू लागलंय त्याला."

उपायही त्यांनीच सांगितला: जिलेटिनची रिकामी कॅप्सूल. दीड गोळी तिच्यात टाकायची, झाकण लावायचं, झालं. मी मोठी हवी म्हणून 5 नंबरची मागवली. या कॅप्सूलचे नंबर उलटे असतात, 000 सगळ्यात मोठी आणि 5 एकदम बारकी! ते पाकीट तसंच पडून आहे, टाकवत नाही. 0 नंबर आली आणि टोकाने तिला असं काही धरलं की मी दोन ताऱ्यांचे चार केले. मात्र सगळ्या गोळ्यांना हे चालेलच असं नाही, आणि हळूहळू विरघळणारी किंवा खास आवरणाची गोळी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोडूच नका. कॅप्सूल ओली झाली की चिकटते, त्यामुळे मागोमाग 5 मिली पाणी, बिनसुईच्या सिरिंजने, गालाच्या कडेने हळूहळू. सरळ घशात मारलं तर श्वासनलिकेत जायची भीती. पाणी गेलं आणि त्याने नाक चाटलं, की समजायचं, गेली खाली.

एक गंमत. दट्ट्याचा शेवटी 'टक्' असा आवाज होतो. आता घरात कुणी बॉलपेन उघडलं तरी बंड्या पलंगाखाली जातो.

तर टोक. पाचव्या महिन्यातच ते सैल झालं होतं. मी आवळून बसवत राहिले, ही माझी चूक. विक्रेत्याला लिहिलं, तर उत्तर आलं की टोक हा झिजणारा भाग आहे, हमीत येत नाही, वेगळा मिळत नाही, नवीन पॉपर घ्यावा. म्हणजे चप्पलेचा अंगठा तुटला की जोड नवा! वर म्हणे पाकिटात दोन टोकं असतात. मी कळवलं, मला एकच मिळालं. त्यांनी पॅकिंगचा फोटो पाठवला. मी तिसरी मेल जरा जास्तच लांब लिहिली.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. त्याला आता बारा दिवस झाले, आणि बरंच बदललंय.

टोकच नाही म्हटल्यावर नाइलाजाने पुन्हा खाण्याकडे वळलो, पण या वेळी कॅप्सूलसकट. उकडलेल्या चिकनचे तीन घास. पहिला साधा, दुसऱ्यात कॅप्सूल, आणि दुसरा चावायच्या आत तिसरा नाकासमोर. कॅप्सूल एका हाताने भरायची, घास दुसऱ्या हाताने वळायचा, नाहीतर घासालाच औषधाचा वास लागतो आणि त्या नाकापुढे आपलं काही चालत नाही. बारा दिवसांत चोवीस डोस, एकही चटईवर आला नाही. म्हणजे कडू चव झाकली असती, तर कदाचित पॉपर लागलाच नसता. चार ताऱ्यांवरून मी परत अडीचवर आले. कुणावर चिडावं ते कळेना.

मग गुरुवार आला. दातांच्या सफाईसाठी भूल द्यायची होती. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा, पण आकडीची गोळी चुकवायची नाही, थोड्या पाण्याबरोबर द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चिकन बाद. नवऱ्याने स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. मी बिनटोकाचा पॉपर काढून त्यावर काय बसवता येईल ते शोधत लेकीच्या टेबलाशी गेले, तर तिच्या पेन्सिलीला मागून टोपीसारखं ते दुसरं टोक. कोरं करकरीत, सात महिने. "डब्यातच होतं की," ती म्हणाली.

बसवलं, ओढून पाहिलं (आता दर वेळी ओढून पाहते), कॅप्सूल लावली. दहा सेकंदांत काम झालं.

साडेतीन तारे. रोजसाठी नाही, पण कुत्रा उपाशी ठेवायचा असेल किंवा जेवणच सोडून बसला असेल, त्या दिवसासाठी घरात असावा. विक्रेत्याला माफीची एक ओळ पाठवली. टोकं वेगळी विका, हे मात्र त्याच मेलमध्ये पुन्हा लिहिलं, कारण हे दुसरं पाच महिन्यांनी सैल होणारच आहे. लेक पेन्सिलीसाठी नवीन टोपी मागतेय.