८ इंची डॉबसोनियन, सहा महिने वापरून : ठिपका हलतो तेव्हा

डिसेंबरात ही डॉबसोनियन, म्हणजे हातानं फिरवायच्या साध्या बैठकीवरची ८ इंची आरशाची दुर्बीण घेतली, आता कोल्हापुरात पाऊस लागलाय आणि ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून आतल्या खोलीत ठेवलीय, म्हटलं आता निवांत लिहावं. चंद्र, गुरू, शनी लय भारी दिसतात, ते सगळेच सांगतात. मी लिहिणार लघुग्रहांबद्दल, म्हणजे सूर्याभोवती फिरणाऱ्या छोट्या खडकांबद्दल, कारण माझे पैसे तिथं वसूल झाले.

आधी तक्रारी. खोकं उघडलं तेव्हा आरसा इतका हललेला होता की प्रत्येक ताऱ्याला शेपूट दिसायचं, दुकानदाराला फोन केला तर म्हणे असंच असतं. असं नसतं. मागचे स्क्रू फिरवून कॉलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत आणणं, दोन संध्याकाळी शिकलो तेव्हा कुठं तारे टाचणीसारखे झाले. वजन वीस किलोच्या वर, गच्चीवर न्यायला दोन फेऱ्या. फाइंडरमधनं, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीतनं, बघताना मान मोडते.

एप्रिलच्या शेवटी अमावस्येच्या आसपास व्हेस्टा नावाचा लघुग्रह शोधायला घेतला. २०२५ च्या मेच्या सुरुवातीला तो प्रतियुतीत, म्हणजे पृथ्वीवरनं बघता सूर्याच्या बरोब्बर समोरच्या बाजूला होता, तूळ राशीत, रात्री दहानंतर चांगला वर यायचा. २५ मिमीचा आयपीस (डोळा लावायचं भिंग) लावला, तारे दिसले, पण त्यातला व्हेस्टा कुठला? सव्वापाचशे किमी रुंदीचा दगड, पण १५ कोटी किमीच्या पलीकडं, त्यामुळं थाळी वगैरे काही दिसत नाही, ताऱ्यासारखाच ठिपका. मग वाटीनं कागदावर गोल आखला, टॉर्चला लाल जिलेटिन लावलं आणि दिसेल तो प्रत्येक तारा पेन्सिलनं जागेवर मांडला. दुसऱ्या रात्री वळीव कोसळला. तिसऱ्या रात्री तोच कागद घेऊन लेकीला आयपीसपाशी उभं केलं, ती एकेक ठिपका ताडून बघत होती आणि एकदम म्हणाली, "पप्पा, हा इथं नाहीये!" सगळे तारे जागच्या जागी, तो एकटा सरकलेला. मी बघितलं तर खरंच. अंगावर काटा आला.

पिआझ्झी या खगोलशास्त्रज्ञानं पण सेरेस, म्हणजे सापडलेला पहिला लघुग्रह, असाच पकडला, १ जानेवारी १८०१ ला, सिसिलीतल्या पालेर्मोमध्ये. तो ताऱ्यांची यादी करत होता आणि एकच तारा परत परत रात्री मोजायची त्याची शिस्त होती, म्हणून तर एक ठिपका जागा सोडतोय हे कळलं. फेब्रुवारीत आजारी पडला, नंतर सेरेस सूर्याच्या उजेडात हरवला, आणि चोवीस वर्षांच्या गाउस या गणितज्ञानं कागदावर गणित करून तो कुठं उगवेल ते सांगितलं, वर्षाच्या शेवटी तिथंच सापडला! ओल्बर्स या खगोलशास्त्रज्ञानं व्हेस्टा शोधला तो १८०७ मध्ये. हे आधी वाचलं होतं, पण स्वतःच्या वाटीच्या गोलात बघितल्यावर नुसतं वाचणं वेगळं हे पटलं.

घ्यायची असेल तर सांगतो, शेजारच्या इमारतीचा एलईडी गच्चीवर पडत असेल तर आधी आडोसा बघा, आणि गो-टू (आपोआप वळून तारा दाखवणारी मोटर) नाही म्हणून रडू नका, नकाशावरनं शोधायला लागतं म्हणूनच आकाश डोक्यात बसतं. फोटो काढायचे असतील तर मात्र ही दुर्बीण नव्हं.

दिवाळीनंतर आकाश उघडलं की पुढचा नंबर आशियाचा, म्हणजे ६७ क्रमांकाचा लघुग्रह आशिया. १८६१ साली पॉगसन या खगोलशास्त्रज्ञानं मद्रासच्या वेधशाळेतनं शोधलेला, आशिया खंडातनं सापडलेला पहिला लघुग्रह. तो समोर कधी येतो ते काढायचं लेकीनं अंगावर घेतलंय, वाटी तीच.