मराठी टायपिंगच्या ऑफिसात रिमोट: आरडीपी की व्हीएनसी?

दस्तलेखनाचं ऑफिस, डीटीपीचं दुकान, वकिलांचं चेंबर, छोटी पतसंस्था. नेटवर्क सगळीकडे साधारण सारखंच असतं: पाच-सहा पीसी, एक राउटर, जमलं तर एक स्विच. आणि गरजही सारखीच असते. केबिनमधल्या मशीनवर बसून बाहेरच्या मशीनवरचा दस्त उघडायचा, दोन ओळी दुरुस्त करायच्या, प्रिंट काढायची. त्यासाठी इंटरनेटला वळसा घालून येणारं काही नको, घरातल्या घरात काम व्हायला हवं. मग पर्याय दोनच उरतात. एक, विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप, म्हणजे आरडीपी. दुसरा, टाइटव्हीएनसी किंवा अल्ट्राव्हीएनसीसारखं एखादं फुकट मिळणारं व्हीएनसी, म्हणजे समोरच्या मशीनचा पडदा आपल्याकडे दाखवून तिथला माउस-कीबोर्ड चालवू देणारा प्रोग्राम. मी एका दस्तलेखनाच्या ऑफिसातली मशीन सांभाळतो आणि तिथे दोन्ही वापरून झालेली आहेत. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण तुमचं काम वेगळं असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकतं.

आधी एक गोष्ट बाजूला काढतो. ‘कनेक्ट होत नाही’ या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचा या निवडीशी संबंधच नसतो. आरडीपी काढून व्हीएनसी टाकलं तरी त्या तशाच राहतात, कारण दोष नेटवर्कमध्ये असतो. आमच्याकडे सगळ्यांत जास्त आढळणारा दोष म्हणजे दोन राउटर. इंटरनेटवाला फायबरची डबी बसवून जातो, तिच्यातच वायफाय असतं. रेंज आतपर्यंत पोचत नाही म्हणून कोणीतरी दुसरा राउटर आणतो आणि डबीतून आलेली वायर त्याच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या भोकात, खोचतो. इंटरनेट दोन्हीकडे छान चालतं, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. पण आता एका ऑफिसात दोन नेटवर्क झालेली असतात. काही पीसींचा नेटवर्कमधला पत्ता (आयपी) १९२.१६८.१ ने सुरू होतो, काहींचा १९२.१६८.० ने. आतल्या राउटरवरून बाहेरच्या पीसीला जोडता येतं, उलट दिशेने येत नाही. ‘माझ्याकडून लागतं, त्यांच्याकडून लागत नाही’ असं कोणी म्हणालं की मी आधी दोन्ही पीसींचे पत्ते लिहून घेतो. उपाय सोपा आहे. दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकायचा, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता फक्त वायफाय पसरवतो. ती सोय नसेल तर त्याला वेगळा पत्ता देऊन त्याचं डीएचसीपी (पीसींना आपोआप पत्ते वाटायची सोय) बंद करायचं आणि वायर लॅन पोर्टमध्ये लावायची.

दुसरा दोष, बदलणारा पत्ता. वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला, पीसीला नवा आयपी मिळाला आणि काल चाललेला शॉर्टकट आज गप्प. राउटरमध्ये त्या पीसीचा पत्ता राखून ठेवला की हे मिटतं. पीसी वायफायवर असेल तर विंडोजमधलं ‘रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेस’ बंद आहे ना ते बघा, नाहीतर राउटरला ते मशीन नवंच वाटू शकतं आणि राखलेला पत्ता वाया जातो. शक्य असेल तिथे ज्या मशीनमध्ये शिरायचं आहे त्याला तरी वायर द्या. आणि पिंगला (मशीन जागं आहे का ते विचारणाऱ्या आज्ञेला) उत्तर आलं नाही म्हणून मशीन बंद आहे असं धरून चालू नका, विंडोजची फायरवॉल पिंग अडवते आणि तरीही रिमोट चालू असतं. त्यापेक्षा थेट पोर्ट तपासावा, म्हणजे ती सेवा ज्या क्रमांकाच्या दारावर ऐकते ते दार. पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या आज्ञा देण्याच्या खिडकीत) ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ चालवून समोरच्याचा पत्ता आणि पोर्ट द्यायचा, आरडीपीसाठी ३३८९, व्हीएनसीसाठी ५९००. पोर्ट उघडा दिसला तर वायर, राउटर, फायरवॉल सगळं बिनदोष. बंद दिसला तर समोर सेवा चालू आहे का, मशीन झोपलंय का आणि बाहेरून टाकलेल्या अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल मध्ये येते का, या क्रमाने बघायचं.

इथपर्यंत दोघं बरोबरीत. पोर्ट उघडा असूनही आत जाता येत नाही, तिथून वाटा फुटतात, आणि तिथे व्हीएनसी पुढे आहे हे मान्य करायला हवं. व्हीएनसीला एक पासवर्ड लागतो आणि तो दिला की पडदा समोर. आरडीपीला विंडोजचा खातेदार लागतो, आणि घोळ तिथेच होतो. रोज चार आकडी पिन टाकून मशीन उघडणाऱ्या माणसाला आपला खरा पासवर्ड आठवत नसतो, आणि आरडीपी पिन घेत नाही. बिनपासवर्डचं खातं असेल तर विंडोज ते बाहेरून मुळीच आत येऊ देत नाही. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर पूर्ण ईमेल आणि त्याचा पासवर्ड द्यावा लागतो. नव्या मशीनवर फक्त ‘विंडोज हॅलो’ने, म्हणजे पिन, चेहरा किंवा बोटाच्या ठशाने, साइन-इन करण्याची सेटिंग चालू असेल तर ती बंद करून, त्या मशीनवर प्रत्यक्ष बसून, एकदा पासवर्डने आत जावं लागतं. त्यात विंडोज जो निरोप दाखवतं त्याचा फारसा उपयोग नसतो. न जोडलं गेल्यावर ते तीन कारणं एकदम सांगतं: रिमोट चालू नसेल, पीसी बंद असेल किंवा नेटवर्कवर नसेल. यांतलं आपलं कुठलं ते आपणच शोधायचं. मी यावर काढलेला मार्ग म्हणजे प्रत्येक मशीनवर कामाचं खातं लोकल, म्हणजे त्या मशीनपुरतंच, ठेवायचं, त्याला नीट पासवर्ड द्यायचा आणि तो पासवर्ड ऑफिसच्या वहीत नाही, साहेबांच्या कपाटात ठेवायचा. एकदा हे बसवलं की लॉगिनच्या तक्रारी जवळजवळ थांबतात.

व्हीएनसीच्या आणखी दोन गोष्टी खरोखर चांगल्या आहेत. विंडोजच्या ‘होम’ या घरगुती आवृत्तीवर ते चालतं. आरडीपीने होममध्ये शिरता येत नाही, त्यासाठी ‘प्रो’ आवृत्ती लागते. (होमवर आरडीपी चालू करून देणारे जुगाड मिळतात. विंडोजच्या अपडेटनंतर ते कधीही बंद पडू शकतात आणि परवान्यातही बसत नाहीत, ऑफिसच्या मशीनवर ते नकोत.) दुसरी गोष्ट म्हणजे व्हीएनसीत दोघांनाही एकच पडदा दिसतो. नवीन मुलगी कामावर लागली आहे, तिला इंडेक्सचा तक्ता कसा भरायचा ते दाखवायचं आहे, तर आपण केबिनमधून माउस फिरवतो आणि ती समोर बघते. नेहमीच्या आरडीपीत हे जमत नाही. आपण शिरलो की तिच्यासमोर लॉक स्क्रीन येतो आणि आपण बाहेर पडल्यावर तिला पुन्हा पासवर्ड टाकावा लागतो. शिकवणं, दाखवणं, ‘सर, हे बघा काय आलंय’ हेच मुख्य काम असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, व्हीएनसी घ्या. फक्त ते सर्व्हिस म्हणून, म्हणजे विंडोजबरोबर आपोआप मागे चालणारं, चालू ठेवा, साधं अ‍ॅप म्हणून चालवलं तर विंडोजने परवानगीची चौकट दाखवताच तुमच्याकडचा पडदा अडकून बसतो.

पण आमचं मुख्य काम टायपिंग आहे, आणि तेही मराठी टायपिंग. माझ्यापुरता निकाल तिथे लागला.

व्हीएनसीवरून समोरच्या मशीनवर वर्ड उघडलं, तिथे कीबोर्ड मराठी इन्स्क्रिप्ट (मराठी अक्षरांची ठरलेली मांडणी) केला, ‘कऱ्हाड’ लिहायला घेतलं. इन्स्क्रिप्टमध्ये के दाबला की क, शिफ्टबरोबर जे दाबला की ऱ, मग डी म्हणजे हलन्त, यू म्हणजे ह. बोटांना हे पाठ असतं, ऑपरेटर कीबोर्डकडे बघतही नाहीत. पडद्यावर मात्र कधी इंग्रजी के उमटतो, कधी काहीच उमटत नाही. आपल्याकडचा कीबोर्डही मराठी केला तर काही अक्षरं जातात आणि जोडाक्षरात गडबड होते. व्हीएनसी बदलून पाहिलं, आपल्याकडचा व्ह्यूअर (पडदा दाखवणारा भाग) बदलून पाहिलं. थोडा फरक पडला, पण ज्याच्या भरवशावर दस्त टाइप करावा असं काही मिळालं नाही. नावात एक अक्षर चुकलं तर नोंदणीला गेलेला माणूस परत येतो, ‘बहुतेक बरोबर उमटतं’ एवढ्यावर तिथे भागत नाही.

कारण समजलं की राग उरत नाही. व्हीएनसीचा मूळ नियम असा आहे की आपण कुठली कळ दाबली ते न पाठवता त्या कळेतून कुठलं अक्षर निघालं ते पाठवायचं. आपल्या बाजूला इंग्रजी चालू असेल तर ‘इंग्रजी के’ असा निरोप जातो. समोरच्या मराठी कीबोर्डवर इंग्रजी के नावाची कळच नसते. मग तिथला प्रोग्राम त्याला सुचेल ते करतो. आरडीपी साधारणपणे अक्षर पाठवतच नाही, कळेचा क्रमांक पाठवतं. अमुक क्रमांकाची कळ दाबली गेली एवढंच पलीकडे पोचतं, आणि तिचा क करायचा की के, हे पलीकडचं विंडोज ठरवतं. म्हणून आरडीपीत इन्स्क्रिप्ट तसंच चालतं जसं त्या मशीनसमोर बसून चालतं. कळेचा क्रमांक पाठवण्याची सोय काही नव्या व्हीएनसींनीही जोडली आहे, पण ती दोन्ही टोकांना असावी लागते, आणि मिश्र मशीनच्या ऑफिसात तसं जुळून येणं कठीण.

कॉपी-पेस्टचंही हेच. व्हीएनसीच्या मूळ प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे २०११ साली आरएफसी ६१४३ या क्रमांकाच्या तांत्रिक दस्तऐवजात छापल्या गेलेल्या नियमांत, क्लिपबोर्डचा मजकूर लॅटिन लिपीच्या एका छोट्या संचापुरता धरलेला आहे. देवनागरी त्यात बसत नाही. पुढे काहींनी युनिकोडची जोड दिली, पण तीही दोन्हीकडे असली तरच. नसली की सात-बारावरून उचललेला गट क्रमांक नीट येतो आणि मालकाच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. आरडीपीत नाव नावासारखं येतं, फाइलही तशीच कॉपी-पेस्ट करता येते, आणि केबिनमधला प्रिंटर पलीकडच्या वर्डमध्ये दिसतो.

आरडीपीतही मराठीच्या बाबतीत दोन खाचा आहेत, त्या आधीच सांगतो, म्हणजे पहिल्याच दिवशी निराशा होणार नाही. एक, विंडोजची कळ आणि स्पेस दाबून भाषा बदलायला जाल तर आपल्याच मशीनची भाषा बदलेल, कारण ही जोडकळ फक्त पूर्ण पडद्यावर असतानाच पलीकडे जाते. रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीतल्या ‘लोकल रिसोर्सेस’मध्ये कीबोर्डच्या खाली ‘ऑन द रिमोट कॉम्प्युटर’ निवडलं की छोट्या खिडकीतही जाते. दोन, जोडताना आपल्याकडचा कीबोर्ड पलीकडच्या यादीत आपोआप जाऊन बसतो, त्यामुळे तिथे नसलेली एखादी भाषा अचानक दिसू लागते आणि सेशन आपल्याच भाषेत सुरू होतं. दोन्ही मशीनवर भाषांची यादी आणि तिचा क्रम सारखा ठेवला की हा त्रास जातो. कनेक्ट होऊनही पडदा काळा राहत असेल किंवा मध्येच गोठत असेल तर आपल्या बाजूला आरडीपीसाठी यूडीपी (डेटा पाठवायची एक पद्धत) बंद करून बघा, आमच्या वायफायवरच्या एका लॅपटॉपचं त्यानेच सुधारलं.

ज्यांचं काम अजून शिवाजी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे, त्यांना कीबोर्डची ही अडचण सहसा भेटणार नाही. तिथे कीबोर्ड इंग्रजीच असतो आणि मराठी फक्त फॉन्ट दाखवतो, त्यामुळे व्हीएनसीला काही वेगळं करावं लागत नाही. ज्यांच्याकडे लिनक्स, मॅक आणि विंडोज एकत्र नांदतात त्यांनाही व्हीएनसी कदाचित जास्त सोयीचं पडेल.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात. साध्या टाइटव्हीएनसीत पडद्यावरचा मजकूर गुप्त होऊन जात नाही, आणि व्हीएनसीच्या जुन्या पद्धतीत पासवर्डची पहिली आठच अक्षरं मोजली जातात. आरडीपी सगळं कूटबद्ध करून पाठवतं. तरी राउटरवर ३३८९ इंटरनेटला उघडा करू नका. २०१९ च्या मे महिन्यात ब्लूकीप नावाची जी फट उघडकीला आली, ती जुन्या विंडोजच्या याच सेवेत होती आणि तिला पासवर्डचीही गरज नव्हती. घरून काम करायचं असेल तर आधी व्हीपीएन (इंटरनेटमधून ऑफिसपर्यंतची सुरक्षित खासगी वाट), मग आरडीपी.

आता खर्चाचं. सगळ्या मशीनवर प्रो लागतं असं समजून बरेच जण आरडीपीचा विचार सोडून देतात. तसं नाही. ज्या मशीनमध्ये शिरायचं आहे तेवढ्याच मशीनवर प्रो हवं, ज्यावर बसून शिरायचं ते होम असलं तरी चालतं. आमच्यासारख्या ऑफिसात दस्त बहुधा एकाच मशीनवर साठवलेले असतात. आधी त्या मशीनच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टिम’, मग ‘अबाउट’ उघडून कुठली आवृत्ती आहे ते बघा. प्रो असेल तर आरडीपीला एक रुपयाही लागणार नाही. होम असेल तर तेवढ्या एकाच मशीनपुरता प्रोचा परवाना घ्या. बाकीची मशीन शिकवण्या-दाखवण्यासाठी व्हीएनसीवर राहू द्या, दोन्ही एकाच नेटवर्कवर विनातक्रार चालतात.