पीस लिली की अँथुरियम?

शहापूरच्या मावशींनी खानापूरहून बिननावाची कुंडी आणली. पांढरं फूल बघून मी लगेच पीस लिली म्हटलं खरं, पण अँथुरियमही पांढरं असतं की!

दोन्ही अळूच्या कुळातली, म्हणून फुलाची ठेवण सारखीच. खरा फरक पानात. लिलीचं पान भाल्यासारखं लांबट, पातळ, शिरा खोल उमटलेल्या. पाणी चुकलं की सगळं झाड मान टाकतं. अँथुरियमचं बहुधा बदामी, जाड, चामड्यासारखं. त्याच्या फुलाची पाकळी मेण लावल्यागत चकाकते, लिलीची मऊ आणि जुनी झाली की हिरवट. मधला दांडा लिलीचा खडबडीत.

मावशींच्या कुंडीत पानांवर पांढरी भुकटी सांडली होती, परागकण. म्हणजे लिलीच. फक्त नातवाला लांब ठेवा म्हटलं. पान चावलं तर कच्च्या अळूसारखा घसा खाजतो, दोन्हींचा.