नॉर्मंडी, मारग्राटन, लक्झेंबर्ग : युरोपातील अमेरिकन लष्करी दफनभूमींमध्ये सैनिकांची बूज कशी राखली जाते

नॉर्मंडीच्या अमेरिकन दफनभूमीत एखाद्या सैनिकाचे नातेवाईक आले, की तेथील कर्मचारी त्यांना स्वतः कबरीपर्यंत घेऊन जातात. सोबत दोन छोटे ध्वज असतात, एक अमेरिकेचा आणि एक फ्रान्सचा, आणि एका लहानशा बादलीत ओमाहा किनाऱ्यावरची ओली वाळू असते. पांढऱ्या संगमरवरात कोरलेले नाव चार पावलांवरूनही नीट वाचता येत नाही, छायाचित्रात तर ते जवळजवळ नाहीसेच होते. म्हणून कर्मचारी ती वाळू हाताने अक्षरांत भरतात, वरची जास्तीची वाळू ओल्या फडक्याने पुसून काढतात आणि नाव एकदम ठसठशीत उठून येते. ज्या किनाऱ्यासाठी तो लढला, त्याच किनाऱ्याची ही वाळू. पुढच्या पावसात ती धुऊन जाते.

मागील उन्हाळ्यात मी युरोपातील, दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सैनिकांच्या अशा तीन दफनभूमी पाहिल्या : फ्रान्समधील कोलव्हिल-स्युर-मेर, म्हणजेच नॉर्मंडी, नेदरलँड्समधील मारग्राटन, आणि लक्झेंबर्ग शहराजवळील हॅम. या स्थळांचे सौंदर्य वर्णन करणारे लेखन पुष्कळ उपलब्ध आहे. मला येथे वेगळे काही तपासायचे आहे. इतक्या हजारो मृतांची देखभाल करणारी यंत्रणा एका मृताचा मान कसा राखते, आणि त्याच्यासाठी आलेल्या माणसाला ती नेमके काय देते, हा माझ्यापुढचा प्रश्न होता.

ही व्यवस्था अमेरिकन बॅटल मॉन्युमेंट्स कमिशन या सरकारी संस्थेकडे आहे. तिची स्थापना 1923 मध्ये झाली आणि पहिल्या महायुद्धात युरोपातील अमेरिकन फौजेचे नेतृत्व करणारे जनरल जॉन पर्शिंग हे तिचे पहिले अध्यक्ष होते. आज तिच्याकडे अमेरिकेबाहेरच्या 26 कायमस्वरूपी दफनभूमी आहेत. त्यांत सुमारे 1,24,000 सैनिक विसावले आहेत आणि ज्यांचे अवशेष सापडले नाहीत, अशा 94,000 हून अधिक जणांची नावे भिंतींवर कोरलेली आहेत. संख्येने सर्वांत मोठी दफनभूमी युरोपात नसून फिलिपिन्समध्ये मनिला येथे आहे. तिथे 17,000 हून अधिक कबरी आहेत. प्रवेश सर्वत्र विनामूल्य आहे आणि 25 डिसेंबर व 1 जानेवारी वगळता दररोज साधारणपणे सकाळी 9 ते संध्याकाळी 5 ही ठिकाणे खुली असतात. एक गैरसमज येथेच दूर करणे बरे : नॉर्मंडीची जमीन अमेरिकेची आहे, असे अनेक मार्गदर्शक सांगतात. ते खरे नाही. ती भूमी फ्रान्सचीच आहे. फ्रान्सने ती कायमच्या वापरासाठी, कोणतेही भाडे वा कर न घेता दिली आहे. मृतांचा आदर यजमान देशाने करावा, याचे यापेक्षा ठोस रूप मला तरी सुचत नाही.

एवढे सैनिक परक्या मातीत का राहिले, हे आधी समजून घेतल्याशिवाय या ठिकाणांचा अर्थ लागत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रत्येक मृताच्या निकटच्या नातेवाइकाला सरकारने पत्राद्वारे विचारले, की पार्थिव मायदेशी आणायचे की परदेशातील कायमस्वरूपी दफनभूमीत ठेवायचे. साधारणपणे पाचांपैकी तीन कुटुंबांनी ते परत मागितले. उरलेल्यांनी मुलाला त्याच्या सोबत्यांजवळ राहू दिले. म्हणजे नॉर्मंडीच्या हिरवळीवरील जवळजवळ प्रत्येक क्रूसामागे कुठल्या तरी आईने, बापाने किंवा पत्नीने दूर कुठे तरी घरात बसून भरलेला एक कागद आहे. त्या कुटुंबांपैकी कित्येकांना ती कबर आयुष्यात एकदाही पाहता आली नसेल. अशा वेळी त्यांच्या वतीने ती नीट ठेवणे हे या संस्थेने त्यांना दिलेले वचनच ठरते, आणि मी तिची परीक्षा याच कसोटीवर करते आहे.

नॉर्मंडीची दफनभूमी 172.5 एकरांची असून ती ओमाहा किनाऱ्याच्या माथ्यावरील उंचवट्यावर पसरलेली आहे. 8 जून 1944 रोजी, म्हणजे जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये दोस्त राष्ट्रांच्या फौजा या किनाऱ्यांवर उतरल्या त्या चढाईनंतर दोनच दिवसांनी, याच परिसरात तात्पुरते दफन सुरू झाले. सध्याच्या दफनभूमीचे औपचारिक लोकार्पण 1956 मध्ये झाले. येथे 9,300 हून अधिक कबरी आहेत आणि बेपत्ता सैनिकांच्या अर्धवर्तुळाकार भिंतीवर 1,557 नावे आहेत. अभ्यागत केंद्र 2007 मध्ये सुरू झाले. ते पाहूनच बाहेर पडावे, कारण त्यातून कबरींकडे जाताना एका मार्गिकेत मृतांची नावे एकामागोमाग एक उच्चारली जातात, आणि ती ऐकून बाहेर आल्यावर समोरच्या रांगा निव्वळ रांगा राहत नाहीत.

मैदानाची निगा निर्दोष आहे. गवताची कड सुतात कापलेली, एकाही शिळेवर डाग नाही, समुद्राचे वारे असूनही शेवाळाचा माग नाही. क्रूस आणि ज्यू सैनिकांसाठीचे डेव्हिडचे तारे इटलीतील लासा येथील संगमरवराचे आहेत. जनरल असो वा साधा शिपाई, शिळेचा आकार एकच. सर्वोच्च शौर्यपदक मिळालेल्यांची अक्षरे तेवढी सोन्याच्या मुलाम्याने भरलेली असतात. ब्रिगेडियर जनरल थिओडोर रूझवेल्ट ज्युनियर यांचे थडगे असेच सुवर्णाक्षरी आहे. माजी अध्यक्षांचा हा मुलगा वयाच्या 56 व्या वर्षी पहिल्या लाटेबरोबर नॉर्मंडीच्याच यूटा किनाऱ्यावर उतरला आणि पाच आठवड्यांनी हृदयविकाराने गेला. शेजारी त्यांचा धाकटा भाऊ क्वेंटिन आहे. तो 1918 मध्ये वैमानिक म्हणून मारला गेला होता. कुटुंबाच्या इच्छेनुसार 1955 मध्ये त्याचे अवशेष येथे आणले गेले. पहिल्या महायुद्धातील येथे विसावलेला तो एकमेव सैनिक आहे. नायलँड बंधू, रॉबर्ट आणि प्रेस्टन, हेही शेजारी-शेजारीच आहेत. एक 6 जूनला गेला, दुसरा 7 जूनला. तिसरा भाऊ एडवर्ड बर्मात विमान पडल्यापासून मृत समजला जात होता. तो जपान्यांच्या कैदेतून जिवंत परतला.

चार स्त्रियांच्या कबरी मात्र गर्दीच्या वाटेवर नाहीत, त्या विचारून शोधाव्या लागतात. त्यांपैकी तिघी 6888 व्या टपाल बटालियनच्या होत्या. युरोपात पाठवलेली ती कृष्णवर्णीय स्त्रियांची तुकडी होती आणि साचलेली लक्षावधी पत्रे सैनिकांपर्यंत पोहोचवण्याचे काम तिने केले. चौथी रेड क्रॉसची कार्यकर्ती होती. मी त्यांच्याविषयी माहिती कक्षात विचारले तेव्हा तेथील कर्मचारी बाईंनी लगेच नकाशावर खुणा करून दिल्या आणि त्यांतील एकीच्या कबरीपर्यंत त्या स्वतः चालत आल्या. मी कोणाची नातेवाईक नव्हते, हे त्यांना ठाऊक होते.

माझी एक तक्रार शिळांबद्दल आहे, आणि ती केवळ नॉर्मंडीपुरती नाही. शिळेवर नाव, हुद्दा, तुकडी, राज्य आणि मृत्यूची तारीख असते, जन्मतारीख नसते. गेलेला मुलगा एकोणीस वर्षांचा होता की चाळीशीतला, हे कळायला मार्ग नाही. माणसाचे वय कळले की त्याचा मृत्यू कळतो, असे मला वाटते, आणि या सुंदर एकसारखेपणाने नेमकी तीच गोष्ट झाकली जाते. अभ्यागत केंद्रातील छायाचित्रे आणि पत्रे ही उणीव काही प्रमाणात भरून काढतात. तरीही शेवटी माणूस शिळेसमोरच उभा राहतो.

दुसरी तक्रार दफनभूमीची नाही, तेथे लोकांना आणणाऱ्यांची आहे. मी एका प्रवासी कंपनीच्या एकदिवसीय सहलीतून गेले होते, आणि त्या सहलीत या ठिकाणासाठी अवघी पन्नास मिनिटे राखून ठेवली होती. अभ्यागत केंद्र बघावे तर कबरी राहतात, कबरी बघाव्यात तर भिंत राहते. मी दुसऱ्या दिवशी जवळच्या बायो शहरातून टॅक्सी करून पुन्हा गेले आणि संध्याकाळपर्यंत थांबले. बंद होण्याआधी ध्वज उतरवला जातो आणि अंत्यविधीची बिगुलधून वाजते. दुपारभर गजबजलेले ते मैदान त्या दोन-तीन मिनिटांत इतके शांत होते, की खालच्या लाटा स्पष्ट ऐकू येतात. ज्याला नॉर्मंडी पाहायची आहे, त्याने किमान तीन तास आणि शक्यतो दिवसाचा शेवट राखून ठेवावा.

मारग्राटन हे मास्ट्रिख्टजवळचे गाव आहे आणि माझ्या मते तिन्हींमध्ये सर्वांत श्रेष्ठ सेवा तेथे आहे. यात संस्थेइतकेच श्रेय स्थानिक लोकांचे आहे. येथे सुमारे 8,300 कबरी आहेत आणि बेपत्तांच्या भिंतींवर 1,722 नावे. दफन 1944 च्या शरद ऋतूच्या अखेरीस, पावसाने चिखल झालेल्या शेतात सुरू झाले. खड्डे खणण्याचे भयंकर काम प्रामुख्याने 960 व्या क्वार्टरमास्टर, म्हणजे रसद विभागाच्या, कंपनीच्या कृष्णवर्णीय जवानांनी केले. त्या वेळचे अमेरिकन सैन्य वर्णभेदाने विभागलेले होते. ज्यांना गोऱ्यांच्या पंक्तीत जेवता येत नव्हते, त्यांनीच गोऱ्या सैनिकांना मातीत ठेवले, हे जाणून मगच या रांगांमधून चालावे.

1945 पासून आसपासच्या डच कुटुंबांनी या कबरी दत्तक घेतल्या आहेत. दत्तक घेणारा ठरावीक दिवशी फुले घेऊन येतो, सैनिकाच्या अमेरिकेतील घराशी पत्रव्यवहार ठेवतो आणि पुढे ती जबाबदारी मुलांकडे, नातवंडांकडे जाते. एकही कबर दत्तकाविना उरलेली नाही. भिंतींवरील नावेही दत्तक दिली गेली आहेत आणि प्रतीक्षायादी आहे. मी गेले त्या सकाळी एक वयस्कर गृहस्थ पाण्याचा डबा आणि फुले घेऊन आले होते. ही कबर आधी माझी आई सांभाळायची, असे त्यांनी सांगितले. त्या सैनिकाविषयी ते असे बोलत होते, जणू तो त्यांच्या घरातलाच मुलगा होता आणि फक्त त्यांची भेट व्हायची राहून गेली होती.

शिळेवर वय नाही, ही माझी तक्रार मारग्राटनच्या लोकांनी आपल्या परीने सोडवली आहे. 2015 पासून तेथे ठरावीक काळाने सैनिकांची छायाचित्रे त्यांच्या कबरींजवळ आणि भिंतींवरील नावांजवळ लावली जातात. स्वयंसेवकांनी ही हजारो छायाचित्रे कुटुंबांकडून आणि जुन्या नोंदींतून मिळवली आहेत. मी त्या दिवसांत तेथे नव्हते. ज्यांना प्रवासाच्या तारखा बदलता येतील, त्यांनी त्याच दिवसांत जावे.

लक्झेंबर्गची दफनभूमी आकाराने लहान आणि वातावरणाने कठोर आहे. येथील 5,000 हून अधिक सैनिकांपैकी बहुतेक जण 1944-45 च्या हिवाळ्यात बेल्जियम-लक्झेंबर्गमधील आर्देनच्या जंगलातील लढाईत आणि तिच्या आसपास पडले. रांगा किंचित वळणदार आहेत, त्यामुळे कुठेही उभे राहिले तरी नजर पुढच्या ध्वजाकडे ओढली जाते. अमेरिकेच्या तिसऱ्या सेनेचे सेनापती जनरल जॉर्ज पॅटन यांचे थडगे सर्वांच्या पुढे, एकटे आहे. ते आधी इतर सैनिकांच्या रांगेतच होते. दर्शनाला येणाऱ्यांची गर्दी एवढी वाढली, की शेजारच्या कबरींभोवतीचे गवत तुडवले जाऊ लागले आणि म्हणून ते पुढे हलवण्यात आले. शिळा मात्र इतरांसारखीच ठेवली. येथे माहिती देणारी व्यवस्था नॉर्मंडीच्या तुलनेत तोकडी वाटली. तयारीविना आलेला माणूस पॅटन यांचे छायाचित्र काढून दहा मिनिटांत परत फिरतो, आणि मी तेथे असताना अनेकांनी तसेच केले. जाणाऱ्यांनी दीडएक किलोमीटरवरील झांडवाइलरची जर्मन दफनभूमीही पाहावी. तेथे 10,000 हून अधिक जर्मन सैनिक गडद दगडांच्या क्रूसांखाली आहेत आणि त्यांतील सुरुवातीचे दफन अमेरिकन सैन्याच्याच दफन पथकाने केले होते. शत्रूच्या मृतालाही नोंद आणि जागा मिळाली, हे पाहिल्यावर शेजारच्या पांढऱ्या रांगांबद्दलचा माझा आदर वाढला.

ज्यांचा कोणी नातेवाईक किंवा कुटुंबाचा परिचित या दफनभूमींत आहे, त्यांनी जाण्याआधी संस्थेला नाव कळवावे. कबर कोणत्या विभागात, कोणत्या रांगेत, कितव्या क्रमांकावर आहे, याची नोंद तिच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येते, आणि आधी कळवले तर कर्मचारी वाट पाहत असतात. ज्यांना प्रवास शक्य नाही, त्यांच्या वतीने कबरीवर फुले ठेवण्याची सोय आहे. फुलांचा खर्च तेवढा पाठवणाऱ्याने द्यायचा असतो. 1930 ते 1933 या काळात अमेरिकन सरकारने पहिल्या महायुद्धातील मृत सैनिकांच्या सुमारे 6,700 माता आणि विधवांना सरकारी खर्चाने युरोपातील त्यांच्या कबरींपर्यंत नेले होते, आणि त्यातही कृष्णवर्णीय मातांना वेगळ्या जहाजांतून पाठवले होते. आज तसा प्रवास सरकार घडवत नाही, परंतु दाराशी आलेल्या माणसाला कबरीपर्यंत सोबत करण्यात मी पाहिलेल्या एकाही ठिकाणी हयगय नव्हती. मी तिन्ही ठिकाणी आलेल्यांचा वंश, भाषा किंवा देश विचारला गेल्याचे पाहिले नाही.

आणि ज्यांच्याकडे शोधण्यासाठी एकही नाव नाही, त्यांनी बेपत्तांच्या भिंतीपाशी जावे. काही नावांशेजारी कांस्याचे छोटे फूल बसवलेले दिसेल. त्या सैनिकाचे अवशेष पुढे सापडले, त्यांची ओळख पटली आणि त्याला स्वतःची कबर मिळाली, अशी ती खूण आहे. मी मारग्राटनला ती फुले मोजू लागले होते. भिंत फार लांब आहे, आणि बहुतेक नावांशेजारची जागा अजून रिकामी आहे.