केपॉक्स की फॉलफॉक्स?

पसरलेल्या जठराच्या कर्करोगात ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधाला जोडीचं औषध गोळीतून (केपॉक्स) द्यायचं की पंपातून (फॉलफॉक्स), असा प्रश्न येतो. गुणाला दोन्ही जवळपास सारखीच. 2008 च्या ‘रिअल-2’ चाचणीत कॅपेसिटाबिनची गोळी शिरेतल्या फ्लुरोयुरॅसिलपेक्षा कमी पडली नाही.

फॉलफॉक्स दर 2 आठवड्यांनी. पंप 46 तास चालतो, त्यासाठी छातीत पोर्ट (कातडीखाली बसवलेली, शिरेला जोडलेली डबी) किंवा दंडात पिक लाईन (शिरेतून आत नेलेली लांब नळी). किनवटहून संभाजीनगर गाठणाऱ्याचं निम्मं बळ एसटीतच जातं. केपॉक्सला 3 आठवड्यांनी एकदा दोनेक तासांची सलाईन, मग 14 दिवस सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत गोळ्या, पुढे 7 दिवस सुट्टी. लांबच्या पेशंटला मला तरी हेच सोयीचं वाटतं.

पण घास उतरत नसेल, उलट्या थांबत नसतील किंवा किडनी फारच कमजोर असेल, तर गोळी कामाची नाही, पंपच बरा. शिवाय गोळीने तळहात-तळपाय जास्त सोलतात. कापूस वेचणाऱ्या बाईला बोंडाचं टोक लागलं की डोळ्यांत पाणी येतं. हे डॉक्टरांना आधीच सांगा, डोस कमी करता येतो. जुलाब वाढले तर गोळ्या रेटू नका, लगेच फोन करा.

थंड पाणी मात्र ऑक्सॅलिप्लॅटिनमुळे दोन्हींत वर्ज्य, अगदी मे महिन्यातसुद्धा.