नोसफेराटू घरात येऊन आठ महिने झाले

मार्चमध्ये ‘नोसफेराटू’ या जुन्या जर्मन भीतीपटाच्या (मूकपट, व्हॅम्पायरचा) पुनरुज्जीवित प्रतीची ब्लू-रे डिस्क घेतली. आतापर्यंत अख्खा सिनेमा सहा वेळा झाला, तुकड्यातुकड्यांनी किती ते मोजलेलं नाही. त्यामुळे हे ‘पार्सल वेळेत आलं, पाच तारे’ छापाचं लिहिणं नाही.

कॉलेजात असताना हाच सिनेमा मी फुकटात मिळालेल्या कॉपीवर पाहिला होता आणि चक्क हसलो होतो. माणसं तुरुतुरु पळतायत, मागे कुणाचा तरी भलताच पियानो, आणि व्हॅम्पायर काउंट ऑरलॉक लख्ख उन्हात स्वतःची शवपेटी बगलेत मारून गावातून चाललाय. तोच ऑरलॉक शेवटी उन्हानं मरतो! (व्हॅम्पायर उन्हानं मरतो हे मूळ ‘ड्रॅक्युला’ कादंबरीत नाहीच, ती याच सिनेमाची करामत.)

गोची काय होती ते आता कळलं. त्या काळची फिल्म रात्रीच्या अंधारात बाहेरचं काही टिपू शकत नव्हती. मग दिवसाच शूट करायचं आणि प्रिंटवर निळा रंग चढवायचा. निळं म्हणजे रात्र, पिवळं म्हणजे घरातला दिवा, गुलाबी म्हणजे पहाट. पुढे निघालेल्या काळ्या-पांढऱ्या कॉप्यांमध्ये निळा उडाला आणि रात्रीची दुपार झाली. या डिस्कवर रंग जागेवर आहेत आणि माणसं माणसांसारखी चालतात. पेटीवाला प्रसंग परत पाहिला तेव्हा हसू आलं नाही.

मुळात हा सिनेमा आपल्यापर्यंत पोचायलाच नको होता. १९२२ मध्ये दिग्दर्शक मुर्नाउनं तो केला तेव्हा प्राना-फिल्म या कंपनीनं ‘ड्रॅक्युला’ कादंबरीचे हक्क घेतलेच नव्हते, फक्त नावं बदलली. कादंबरीचा लेखक ब्रॅम स्टोकर याच्या विधवेनं कोर्टात खेचलं. कंपनीचं दिवाळं वाजलं, आणि १९२५ मध्ये सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. ज्या परदेशात गेल्या होत्या त्या वाचल्या. म्हणजे माझ्या कपाटात आहे तो फाशी झालेला, पण पळून गेलेला कैदी.

आता वापराचं. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी सोय) आधी बंद करा, नाहीतर माक्स श्रेकचा ऑरलॉक मालिकेतल्या सासऱ्यासारखा दिसतो. डिस्कचा आणि प्लेअरचा रीजन (कुठल्या भागात चालेल त्याचा कोड) जुळतो का ते विकत घेण्याआधी बघा. मी बघितलं नाही आणि दोन आठवडे नुसतं कव्हर बघत बसलो. मूळ संगीत हान्स एर्डमानचं. त्यातलं बरंच हरवलं होतं, ते जुळवून पुन्हा उभं केलंय. मधल्या भागात मला ते फार गोड वाटतं. तिथे मी आवाज बंद करतो.

पहिल्या दोन वेळेला भीती ऑरलॉकची वाटली: जहाजाच्या तळात तो पेटीतून फळीसारखा ताठ उभा राहतो, जिन्यावर नुसती सावली चढते, बोटं लांबत जातात. तिसऱ्या वेळेपासून ती भीती जागा बदलायला लागली. आता मला जास्त छळते ती प्लेगची गल्ली. वरच्या खिडकीतून दिसणारा अरुंद रस्ता, आणि काळ्या कपड्यांतली माणसं एकामागून एक शवपेट्या खांद्यावर घेऊन संथपणे येतायत. बस, एवढंच. हे करणारे लोक पहिलं महायुद्ध आणि इन्फ्लुएंझाची साथ नुकतीच पाहून आलेले होते, आणि आपण २०२० पाहिलंय. या प्रसंगाला घरात कुणी बोलत नाही.

उणिवाही आहेत. हुटर हा नायक इतका खिदळतो की त्याला चावलं तरी चालेल. आणि रात्री घोडे ज्याला बिचकतात तो ‘नरलांडगा’ म्हणजे साधं तरस आहे. आपल्याकडच्या माळरानावरचं असतं ना, पट्ट्यापट्ट्यांचं, तेच. जर्मन प्रेक्षक घाबरला असेल, मला त्याची कीव येते.

सोबत ‘कॅलिगारी’ हा त्याच काळातला जर्मन मूकपटही घेतला होता. पडद्यांवर रंगवलेल्या सावल्या, वाकड्या भिंती, कॉनराड फाइटचा झोपेत चालणारा चेझारे, सगळं जबरदस्त. पण दोनदा पाहून झाल्यावर तिसऱ्यांदा लावावासा वाटला नाही. तिथे सगळं जगच वेडं आहे, त्यामुळे लवकर सवय होते. मुर्नाउच्या गावातली घरं, मांजर, वाळू, समुद्र खरे आहेत. खोटा एकच, आणि तो घर विकत घ्यायला निघालाय.

एक अनपेक्षित फायदा. शांतारामबापू आपल्या ‘सैरंध्री’ सिनेमाच्या रंगीत प्रतींसाठी जर्मनीला गेले होते, आणि त्यानंतर १९३४ मध्ये ‘अमृतमंथन’ आला. त्यातला पडदाभर दिसणारा राजगुरूचा डोळा आणि मशालींचा अंधार मी आधीही पाहिला होता. आता पाहिला तर वाटलं, या घराण्याला आपण ओळखतो.

आईला सबटायटल वाचायचा कंटाळा. ती मधेच येऊन बसली तेव्हा हुटर ऑरलॉकच्या घरी जेवत होता आणि ऑरलॉक कागद वाचण्यात गढला होता. तिनं मिनिटभर बघितलं आणि म्हणाली, “पाहुण्याला वाढलंय आणि स्वतः घास घेत नाही. उठ म्हणावं त्याला तिथनं.” तेवढ्यात हुटरचा अंगठा सुरीनं कापला.